बिनवकिलांचं टेबल

आईचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या दवाखान्यातली सकाळपाळी संपवून घरी पोहोचले होते आणि हात धूत होते.

"वाट बंद झाली," आई म्हणाली.

"कुठली वाट?"

"रानाकडची, दुसरी कुठली? तुज्या तात्यानं जेसीबी लावून आडवा चर मारलाय. वर बाभळीचं काटं टाकल्यात. मेंढरं कुठनं न्यू आता? उडी मारून?"

नळ चालू होता आणि मी फोन कानाला धरून तशीच उभी. आईचं ऐकण्यात काही चुकलं असेल, असंच मला वाटत राहिलं.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. सैन्यातून सुभेदार होऊन गावी परतलेले. म्हसवडच्या अलीकडं माळावर आमची वस्ती आहे, आणि वस्तीवरून रानात जायची गाडीवाट तात्यांच्या शेताच्या कडेनं जाते. कधीपासून, ते आईलाही सांगता येत नाही. बारावीनंतर मला नर्सिंगला घालायला वडील तयार नव्हते. तेव्हा रजेवर आलेले तात्या आमच्या दारात उभे राहून म्हणाले होते, "पोरगी शिकली न्हाई तर मी या घरचं पानी पिनार न्हाई." मी नर्स झाले ती त्या शब्दावर. वडील गेल्यावर दर दिवाळीला आईला लुगडं आणणारा हा माणूस तिच्या वाटेत काटे टाकेल, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

मी तात्यांना फोन लावला. बंद. पुन्हा पुन्हा लावला. शेवटी त्यांच्या मुलाला लावला. तो माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा बराच लहान. जेसीबी त्याचाच.

"तात्यांनीच सांगितलंय आक्का," तो शांतपणे म्हणाला. "तितं डाळिंब लावायचंय. त्यांचं रान हाय, मी काय बोलनार? ते साताऱ्याला दवाखान्यात असत्यात सारखे. आलं की विचारा."

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "दवाखाना न्हाई न् काय न्हाई. तोंड लपवून बसलाय."

भावकी म्हणाली, घाई नको, बैठक घेऊ. बैठक दिवाळीनंतर ठरली, मग यात्रेनंतर, मग लग्नसराई संपल्यावर. तोवर आई मेंढरं घेऊन ओढ्यातून जात होती. एकदा दगडावरून घसरून पडली. मला कळलं ते शेजारणीकडून, आणि तेही खूप नंतर. ऐंशीच्या घरातली बाई, पाण्यात बसून राहिली होती मेंढरं गोळा होईपर्यंत.

त्या दिवशी मी ठरवलं की बैठक पुरे झाली. ओळखीतले म्हणाले, दिवाणी दावा लावावा लागेल आणि निकाल तुझ्या मुलांच्या वेळी लागेल. वकील करायला आई तयारच नव्हती. "भावकीवर वकील घालायचा व्हय? लोक थुकतील." मग मी म्हटलं, निदान कायदा काय म्हणतो ते मला स्वतःच्या डोळ्यांनी वाचू दे.

सांगलीतल्या एका वाचनालयात विचारलं. तिथल्या कायद्याच्या पुस्तकांची कपाटं तळमजल्यावर होती, ती पुराच्या पाण्यात गेली. पुस्तकांचा लगदा फावड्यानं बाहेर काढावा लागला, असं तिथल्या माणसानं सांगितलं. त्यानंच साताऱ्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाचं नाव दिलं. तिथं कायद्याची वेगळी खोली आहे म्हणाला, कुणीही जाऊन वाचावं.

सुट्टीच्या दिवशी मी साताऱ्याची एसटी पकडली. वाटेत कराड गेलं तरी मला खात्री नव्हती की मला आत घेतील. कोर्टातल्या लायब्ररीच्या दारावर मी एकदा पाटी वाचली होती, फक्त वकिलांसाठी. इथंही तेच होईल असं धरून मी काउंटरवर ओळखपत्र पुढं केलं आणि आपण सरकारी नोकरीत आहोत वगैरे सांगायला लागले. काउंटरवरच्या बाईंनी मला मध्येच थांबवलं.

"नाव आणि गाव लिहा. बाकी काही नको."

"मी वकील नाही."

"त्या खोलीत येणारे बहुतेक नसतातच. कसला विषय आहे?"

"शेताची वाट अडवलीय."

"मामलेदार न्यायालय अधिनियम. मराठीत आहे. एक सांगते, इथं सल्ला मिळत नाही, पुस्तकं मिळतात."

एक बारीकसं पुस्तक माझ्या हातात आलं. खोलीत एक लांब टेबल, त्याच्याभोवती चारसहा माणसं. एक तरुण बाई मांडीवर मूल घेऊन पोटगीचं काहीतरी उतरवून घेत होती. एक गृहस्थ घरभाड्याच्या कायद्यात मान घालून बसले होते. भिंतीवर एक कागद चिकटवला होता, त्यावर लिहिलं होतं की कोर्टातल्या विधी सेवेच्या कार्यालयात महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. मी तो उभ्यानं दोनदा वाचला. इतकी वर्षं वॉर्डात मारहाण झालेल्या बायांना मी टाके घालायला मदत केली, पट्ट्या बांधल्या, आणि त्यातल्या एकीलाही हे सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं.

पुस्तक उघडलं. भाषा जड होती, पण पाचव्या कलमाशी आले आणि वाचता वाचता सरळ होऊन बसले. मामलेदार म्हणजे आजचा तहसीलदार. शेताकडं जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेवर कुणी अडथळा केला तर तो काढून टाकायचा हुकूम तहसीलदार देऊ शकतो. दिवाणी दावा नको. माझ्या मुलांच्या पिढीपर्यंत थांबणंही नको. आणि खाली एक ओळ: अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागितली पाहिजे.

चर खणला तो दिवाळीच्या तोंडावर. बाहेर चैत्र लागला होता. मी बोटांवर महिने मोजले, सहावा चालू होता. भावकीची बैठक अजून एकदा पुढं गेली असती तर ही ओळ आमच्या काही कामाची उरली नसती.

मी कागद काढून उतरवून घ्यायला लागले. तेवढ्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी खोकललं. तो खोकला मी ओळखला. खिडकीकडं तोंड करून एक म्हातारा पुस्तक नाकाला लावून बसला होता. पांढरा सदरा, बारीक कापलेले केस, खुर्चीत बसूनही पाठ ताठ.

तात्या.

पहिल्यांदा मला राग आला. आमची वाट अडवून हा माणूस इथं बसून आमच्याच विरुद्ध कायदा शोधतोय, असंच मला वाटलं. मी उठले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"वाट आडवून वर कायदा पण वाचताय व्हय तात्या?"

त्यांनी मान वर केली. चष्म्याची एक काच तडकलेली होती. मला ओळखायला त्यांना वेळ लागला.

"पोरी? तू हितं कशी?"

"कशी म्हणजे? आई ओढ्यात पडली तुमच्या त्या चरापायी."

"कसला चर?"

टेबलावरच्या माणसांनी आमच्याकडं पाहिलं. मी आवाज खाली घेतला आणि सांगितलं. जेसीबी, बाभळी, डाळिंब, सगळं. तात्या ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू राखेसारखा होत गेला. त्यांनी मला एकच विचारलं.

"वहिनी पडली? लागलं का लय?"

मी खुर्चीवर बसले. हा माणूस खोटं बोलत नव्हता. वॉर्डात नोकरी करताना खरं ऐकून फिकं पडलेलं तोंड ओळखायला शिकतो माणूस. तात्यांना वाटेचं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"तुम्ही घरी नसता का?"

"दसऱ्यापास्नं न्हाई. हितं माजी सैनिकांच्या विश्रामगृहात ऱ्हातो."

"आणि फोन?"

"फोन घरात ऱ्हायला. पोरानं दिला न्हाई."

मग मी पाहिलं त्यांच्यापुढचं पुस्तक. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा. माझ्याकडं बघत त्यांनी बाही खाली ओढली, पण त्याआधी मला मनगटाच्या वरचा भाग दिसला होता. हाताचं हाड मोडून वाकडं बसलं होतं, प्लास्टर न घालता. असे हात मी पाहिलेत. अंगावर आलेला वार चुकवायला माणूस हात आडवा धरतो तेव्हा हाड तिथंच मोडतं.

"तात्या, हे कुणी केलं?"

बाही आणखी खाली ओढत ते म्हणाले, "पडलो."

"तात्या, मी नर्स आहे."

तेव्हा त्यांनी सांगितलं. तुकड्या-तुकड्यांत, खिडकीबाहेर बघत. मुलानं सांगितलं होतं की सगळं रान आणि घर माझ्या नावावर करा, मशीनच्या कामाला सोपं पडतं, तुम्हाला काय कमी पडणार आहे. मरेपर्यंत सांभाळायचं, या अटीवर तात्यांनी बक्षीसपत्र करून दिलं. पहिले काही महिने बरे गेले. मग जेवणावरून बोलणी, औषधावरून बोलणी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तात्या म्हणाले की बैलाची झूल कुठं ठेवलीस, एवढ्यावरून भांडण पेटलं. बैल तर कधीच विकले होते. मुलगा म्हणाला, या घरात तुमचं काहीच नाही. तात्या म्हणाले, बघू कसं नाही. आणि मग तो हात.

"मोर्च्यावर पाकिस्तानचा गोळा पडला हुता तवा मी घाबरलो न्हवतो," तात्या म्हणाले. "पर त्यानं हात उगारला न् मी घाबरलो गं. माझाच पोरगा."

ज्याला मी इतके महिने शिव्या घालत होते, ज्याच्या नावानं आई बोटं मोडत होती, तो मोडका हात घेऊन साताऱ्यात एका खाटेवर दिवस काढत होता. आणि गावात त्याच्याच नावानं त्याचा मुलगा आमची वाट अडवत होता.

"वाचता येतंय का?" मी पुस्तकाकडं बोट दाखवलं.

"अक्षरं फुटत्यात. रोज येतो. रोज तीच चार पानं."

मग मी वाचून दाखवलं. काउंटरवरच्या बाई एकदा दारात येऊन गेल्या, पण आवाज करू नका म्हणाल्या नाहीत. ज्येष्ठ माणसानं सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढं सांभाळ झाला नाही, तर ते देणं रद्द करून मागता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडं. आणि तिथं वकील उभा करायचा नाही, आपलं आपणच बोलायचं, असं त्या पुस्तकात छापलेलं होतं.

"आपलंच?" तात्यांनी विचारलं.

"आपलंच."

"मग झालं," ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले. काच तडकलेलीच होती, तरी पुसत राहिले.

त्या टेबलावर आम्ही दोघांनी दोन अर्ज लिहिले. एक आईचा वाटेसाठी, एक तात्यांचा. मूल घेऊन आलेल्या बाईनं मला पेन दिलं, माझं संपलं होतं. संध्याकाळी मी तात्यांना घेऊन दवाखान्यात गेले. हाताचं आता फार काही होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर जाऊन आईला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. भाकरी तव्यावर करपली तरी ती उलटेना.

"खोटं," ती म्हणाली. "त्यानं शिकवलंय तुला."

"आये, मी हात बघितला त्यांचा."

"बापाला?" तिनं एवढंच विचारलं. "बापाला मारलं?" मग तिनं पदर तोंडाला लावला. उठली तेव्हा म्हणाली, "त्याला हितं घिऊन ये. मेंढरामागं बसून खाईल चार घास."

तात्या आले नाहीत. "वहिनीला काय तोंड दावू," म्हणाले.

आईचा अर्ज मुदतीत गेला. अंगठा तिनंच केला, आणि तहसील कचेरीत उभीही तीच राहिली. तहसीलदारांनी जागा बघायला यायचं ठरवलं. त्या दिवशी चराच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला चुलतभाऊ, त्याचा वकील आणि भावकीतली माणसं. इतके दिवस बैठकीला वेळ नसलेली सगळी भावकी तिथं हजर होती. वकिलानं सांगितलं की सातबाऱ्यावर वाटेची नोंदच नाही, इथून कधी कुणी गेलेलं नाही. चुलतभावानं मान डोलावली.

तेवढ्यात सडकेवर रिक्षा थांबली आणि तात्या उतरले. अंगावर कडक इस्त्रीचा सदरा, छातीवर पदकं. मी त्यांना येऊ नका म्हटलं होतं. चुलतभाऊ त्यांना बघून एक पाऊल मागं सरकला.

"सायेब," तात्या म्हणाले, "ही वाट माज्या आज्याच्या आदीपास्नं हाय. माजा बाप ह्या वाटेनं गेला. ह्या बाईचा नवरा गाडी घिऊन ह्याच वाटेनं जायचा. वरच्या वळणाला जो दगुड हाय तो चाकाला घासून गुळगुळीत झालाय, हात लावून बगा."

"म्हातारा भ्रमिष्ट झालाय साहेब," चुलतभाऊ म्हणाला. "त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका."

तात्यांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. तहसीलदार मात्र चर ओलांडून त्या वळणापर्यंत चालत गेले आणि खाली वाकले. मी त्यांच्या पाठीकडं बघत होते. भावकीतला एकही माणूस भ्रमिष्ट या शब्दावर काही बोलला नाही, याचा मला त्या क्षणी सगळ्यात जास्त धक्का बसला होता. यातल्या निम्म्यांना तात्यांनी भरतीसाठी पळायला शिकवलं होतं.

हुकूम आमच्या बाजूनं झाला. चर बुजवला गेला, तो त्याच जेसीबीनं.

तात्यांच्या अर्जाची तारीख प्रांत कचेरीत लागली. मी रजा काढून गेले होते. जमीन आणि घर परत मागायचं, हे आम्ही त्या टेबलावर बसून ठरवलं होतं. रस्ताभर ते मला पाठ म्हणून दाखवत होते. मुलगा वकील घेऊन आला. प्रांतसाहेबांनी वकिलाला बाहेर बसायला सांगितलं आणि तात्यांना विचारलं, "बाबा, बोला. काय पाहिजे तुम्हाला?"

तात्या उभे राहिले. तोंड उघडलं आणि शब्दच येईना. शंभर जवानांना आवाज देणारा माणूस, मुलगा हाताच्या अंतरावर उभा आहे म्हणून थरथरत होता. मी उठले तर साहेबांनी हातानं खाली बसवलं.

"बोला बाबा, वेळ आहे."

"खोली," तात्या म्हणाले. "माजी खोली पायजे. न् दाराला आतनं कडी."

"आणि जमीन? तुमच्या अर्जात जमीन परत मागितलीय."

"जमीन ऱ्हाऊ द्या त्याला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी खुर्चीतूनच म्हणाले, "तात्या, असं नका करू." त्यांनी मान वळवली नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं, कुणाच्या दबावाखाली बोलताय का म्हणून. तात्या म्हणाले, "न्हाई. कायदा मी वाचलाय. मला म्हाईत हाय मला काय मिळू शकतं."

पहिल्यांदा चुलतभावाच्या तोंडावरचा रंग गेला. त्यानं जमिनीची तयारी केली होती, कडीची नाही.

खोलीचा हुकूम झाला, औषधपाण्याची जबाबदारी मुलावर घातली गेली, आणि पुन्हा हात उगारल्याची तक्रार आली तर पोलिसांकडं पाठवीन असं साहेबांनी त्याला तोंडावर सांगितलं. बाहेर आल्यावर मी तात्यांवर ओरडले. कचेरीच्या आवारात, लोकांदेखत. एवढं वाचलं, एवढं लिहिलं, आणि तुम्ही सगळं सोडून दिलंत म्हणाले.

ते चहाच्या टपरीच्या बाकावर बसले. "पोरी, रान घिऊन मी काय करू? त्याची पोरं त्याच रानावर जगनार हायत. मला भ्या वाटतंय ते घरात झोपायचं. म्हनून कडी मागितली."

आजही मला वाटतं की त्यांनी जमीन सोडायला नको होती. कधी वाटतं, माझ्या अंगावर कुणी तसा हात उगारला असता तर मीही आधी कडीच मागितली असती.

तात्या आता घरी राहतात. सुतारानं कडी बसवली तेव्हा मी समोर उभी होते. सून दारात ताट ठेवते, नातवंडं आत जाऊन बसतात. मुलगा बोलत नाही. माझी आई मात्र बोलते, आणि तिचं बोलणं म्हणजे सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं. परवा फोनवर तिनं सांगितलं, "आलता तुजा तात्या. बाजरीची भाकरी खाऊन गेला. ताट धुतो म्हनला. मी म्हनलं, ठिव ते खाली, हात बघ तुजा."